मुलीच्या एपी (शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेज-पातळीच्या) अमेरिकन इतिहासात सनावळ्या तोंडपाठ, तरी निबंधात गुण का जातात?

बहुधा ती घडलेलं सांगत सुटते आणि विचारलेल्या प्रश्नावर स्वतःचा दावा मांडत नाही, म्हणून. ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने जाहीर केलेल्या निकषांत कागदपत्रांवर आधारित निबंधाला 7 गुण असतात: दाव्याला 1, पार्श्वभूमीला 1, पुराव्याला 3, विश्लेषणाला 2. नुसत्या सनावळीला काहीच नाही.

समजा प्रश्न आहे, ‘यादवी युद्धानंतरच्या, 1865 ते 1877 च्या पुनर्रचनेने मुक्त झालेल्या गुलामांचं आयुष्य कितपत बदललं?’ ‘खूप बदल झाले’ हा दावा नव्हे. ‘राज्यघटनेच्या तेराव्या, चौदाव्या आणि पंधराव्या दुरुस्तीने स्वातंत्र्य, नागरिकत्व आणि पुरुषांना मत मिळालं, पण जमीन न मिळाल्याने बहुतेक जण बटाईच्या शेतीत अडकले’ हा दावा. कारण त्यावर कुणी हुज्जत घालू शकतं! मग पुरावा: दक्षिणेच्या किनारपट्टीवर मुक्त गुलामांना वाटलेली जमीन अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी 1865 मध्येच बहुतांशी जुन्या मालकांना परत केली. पुढे मतदान कर आणि साक्षरता चाचण्या लावून दक्षिणेतल्या राज्यांनी मताचा हक्कही काढून घेतला.

घरी रोज एकच प्रश्न घ्या. तिला तोंडी दावा मांडू द्या, तुम्ही मुद्दाम उलट बाजू घ्या. दहा मिनिटं पुरतात, आणि या वादावादीतूनच तिचं लेखन सुधारेल.

मात्र वाचन सोडू नका. परीक्षेत कागदपत्रांवरचा आणि दुसरा दीर्घ असे दोन्ही निबंध मिळून 40 टक्के गुण, तर बहुपर्यायी प्रश्नही 40 टक्केच आहेत.