साताऱ्यात झाडं छाटायचं काम सुरू करतोय, आधी कोणता चेनसॉ घेऊ?

भाऊ, चेनसॉ नंतर. पहिला पैसा चढायच्या हार्नेसवर (कमर-मांड्यांना बांधायचे पट्टे), पॉलिएस्टरच्या चांगल्या दोरावर आणि हेल्मेटवर घाला. विहिरीचा जुना सोल कमरेला बांधून चढणारे आपल्याकडे खूप आहेत, त्यांचं बघून शिकू नका. वर करवत चालवताना दोन ठिकाणी बांधून घ्यायचं: एक मुख्य दोर, दुसरा खोडाभोवतीचा तार घातलेला पट्टा. एक चुकून कापला गेला तरी दुसरा धरतो.

मशीन 12 ते 14 इंची बारचं (साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टी) पुरे. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता, साखळी फिरत असेल तर झाडावर नेऊच नका. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडावर येतं.

जड फांदी एका कापात घ्यायची नाही. खोडापासून हातभर लांब खालून पाव जाडीचा काप, मग फांदीच्या टोकाकडे थोडं पुढे वरून. फांदी पडली की उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर कडेला धरून कापा, ती कड मात्र राखा. जखम तिथूनच भरते. एकाच कापात घेतली तर फांदी पडताना साल खोडापर्यंत सोलत जाते. गुलमोहराची फांदी तर न कुरकुरता मोडते, तिच्यावर भार टाकू नका.

तारा जवळ असतील तर महावितरणकडून लाईन बंद झाल्याशिवाय चढू नका. नगरपालिका हद्दीत 1975 च्या झाडं जतन करायच्या राज्याच्या कायद्यानुसार झाड तोडायला परवानगी लागते, तो कागद मालकाकडून आधी बघून घ्या.

आणि खाली एक माणूस हवाच, तुम्हाला दोरानं उतरवता येणारा.