क्रूड तेल उतरवून झाल्यावर टँकरमध्ये स्फोट होण्यासारखे काय उरते? आणि टाक्यांमध्ये बॉयलरचा धूर सोडतात, हे खरे आहे का?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्याचे उत्तर सरळ ‘हो’ असे आहे. पहिल्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल, कारण आम्हा टँकरवर काम करणाऱ्यांना भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीचीच धास्ती अधिक असते.

द्रवरूप तेल स्वतः पेटत नाही. पेटते ते त्याचे बाष्प, आणि तेही हवेत त्याचे प्रमाण साधारण १ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच. तेल उपसले तरी टाकीच्या भिंतींना आणि तळाच्या गाळाला चिकटलेल्या अंशातून बाष्प निघतच राहते, आणि उपसलेल्या तेलाची जागा बाहेरच्या हवेने घेतली तर हजारो घनमीटरच्या त्या पोकळीत कुठे ना कुठे नेमके पेटण्याजोगे मिश्रण तयार होते. मग उरते ती फक्त ठिणगी.

ठिणगी पडूच द्यायची नाही, हा उपाय पुरेसा नसल्याचे डिसेंबर १९६९ मध्ये दिसून आले. ‘मार्पेसा’, ‘मॅक्ट्रा’ आणि ‘काँग हाकोन सातवा’ या, प्रत्येकी सुमारे दोन लाख टनांच्या, तीन महाकाय टँकरांवर तीन आठवड्यांच्या आत स्फोट झाले. तिन्ही जहाजे रिकामी होती आणि तिन्हींवर टाक्या धुण्याचे काम चालू होते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांमुळे टाकीत विद्युतभारित धुके तयार होते आणि त्यातून खाली पडणाऱ्या पाण्याच्या लोटांमुळे ठिणगी पडू शकते, हे कारण तपासाअंती सर्वांत संभाव्य मानले गेले. ज्या पाण्याने आग विझवायची तेच ठिणगी पाडणार असेल, तर ठिणगी टाळण्यावर भरवसा ठेवून भागत नाही. बाष्पही पूर्णपणे घालवता येत नाही. उरतो तो प्राणवायू.

मिश्रणातील प्राणवायू सुमारे ११ टक्क्यांच्या खाली गेला की बाष्प कितीही असले तरी ते पेटत नाही. आंतरराष्ट्रीय नियम याहून कडक आहेत : टाकीत ८ टक्क्यांहून अधिक प्राणवायू नको आणि आत सोडल्या जाणाऱ्या वायूत ५ टक्क्यांहून अधिक नको. बॉयलरमध्ये इंधन नीट जळत असेल तर धुरात प्राणवायू जेमतेम २ ते ४ टक्के उरतो आणि बाकी बहुतेक नायट्रोजन व कार्बन डायऑक्साइड असतो. म्हणजे टाकीत भरायला लागणारा, आग न लागू देणारा ‘निष्क्रिय वायू’ जहाजावर आयताच तयार होत असतो. मात्र तो तापलेला, काजळीने भरलेला आणि गंधकयुक्त असल्यामुळे आधी स्क्रबरमध्ये समुद्राच्या पाण्याने धुऊन थंड करतात आणि मग ब्लोअरने डेकवरच्या पाइपांत ढकलतात. वाटेत ‘डेक वॉटर सील’ लागते. वायू टाक्यांकडे जाऊ शकतो, पण टाक्यांतले बाष्प उलटे बॉयलरकडे येऊ लागले तर तिथले पाणी त्याची वाट अडवते. ही साधी पाण्याची कुंडी मला साऱ्या यंत्रणेतला सर्वांत हुशार भाग वाटते.

तेल उतरवताना वायूचा पुरवठा पंपांच्या कमाल वेगाच्या किमान सव्वापट करता आला पाहिजे, कारण टाकीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित जास्तच राहावा लागतो. दाब जास्त असेल तर गळती झाली तरी बाहेर जाईल, हवा आत येणार नाही. यंत्रणा बंद पडली तर तेल उतरवणेही तिथेच थांबवावे लागते. बंदरातल्या माणसांना हे पटवताना कधी कधी घसा कोरडा पडतो.

खरी कसोटी लागते ती टाकीत माणूस उतरवायचा असतो तेव्हा. समजा, टाकीत ८ टक्के बाष्प आणि ५ टक्के प्राणवायू आहे. अशा टाकीत सरळ पंख्याने हवा भरली, तर निम्मी हवा मिसळेपर्यंत बाष्प ४ टक्के आणि प्राणवायू १३ टक्के होतो, म्हणजे सुरक्षित टाकी आपल्याच हातांनी पेटण्याजोगी होते. म्हणून आधी आणखी निष्क्रिय वायू सोडून बाष्प २ टक्क्यांच्या खाली आणतात आणि मगच ताजी हवा देतात. त्यामुळे प्राणवायू वाढेपर्यंत बाष्प पेटण्याइतके उरत नाही. या मोजमापासाठी उपकरणही योग्य असावे लागते. नेहमीचा ज्वलनशील-वायू मापक आतल्या तारेवर बाष्प जाळून वाचन देतो. प्राणवायूच नसेल तर तो टाकी बाष्पाने भरलेली असतानाही चुकीचा, कमी आकडा दाखवू शकतो. म्हणून निष्क्रिय टाकीसाठी वेगळा मापक असतो. आणि पेटण्याची भीती संपली तरी आत उतरण्यापूर्वी प्राणवायू २१ टक्के आहे आणि विषारी वायू उरलेले नाहीत, याची खात्री निरनिराळ्या खोलीवर नळी सोडून करावीच लागते, कारण ज्या वायूत आग जगत नाही त्यात माणूसही जगत नाही.

कायद्याविषयी थोडक्यात : समुद्रातील जीवसुरक्षेच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या १९७८ च्या प्रोटोकॉलने (पूरक कराराने), जो १ मे १९८१ पासून लागू झाला, २० हजार टन व त्यावरील नव्या टँकरांना ही यंत्रणा सक्तीची केली. १ जानेवारी २०१६ पासून नव्या जहाजांसाठी ही मर्यादा ८ हजार टनांवर आली आहे.