मुक्कामाला माणूस येतो, म्हणून निराधार बंद होईल का?

प्रश्न : माझे वय ४४ वर्षे आहे. पतीच्या निधनानंतर मला संजय गांधी निराधार योजनेतून दरमहा १,५०० रुपये मिळतात आणि बाकीचे घर वेचणी-निंदणाच्या मजुरीवर चालते. शेजारच्या तालुक्यातील एका गृहस्थांशी माझे जुळले असून ते आठवड्यातून एखाददोन वेळा घरी मुक्कामाला असतात. आमचे लग्न झालेले नाही. गावातील काही जण "तहसीलमध्ये अर्ज देऊन तुझे निराधार बंद पाडतो" असे म्हणतात. पैसे खरोखरच बंद होतील का? त्यांचे नाव राशन कार्डात घ्यावे का?
– एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, कोणी रात्री मुक्कामाला राहते एवढ्याच कारणावरून तुमचे अनुदान बंद करता येत नाही. विधवा म्हणून मिळणाऱ्या या अनुदानासाठी तुमचा पुनर्विवाह झालेला नसणे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असणे, या दोन गोष्टी मुख्यतः पाहिल्या जातात. दारात कोणाची मोटारसायकल उभी राहते हे पाहून बाईच्या पोटावर पाय देण्याची धमकी देणे मला अत्यंत निंद्य वाटते. केवळ शनिवार-रविवार किंवा एखादी रात्र सोबत घालवल्याने विवाहासारखे नाते ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये वेलुसामी प्रकरणात म्हटले आहे. ते प्रकरण कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचे होते, तरी लेखी खुलाशात त्याचा उल्लेख अवश्य करावा.

खरी काळजी घ्यायची ती पाटाबाबत. आपल्या भागात विधवेचे दुसरे लग्न बहुधा वाजतगाजत होत नाही. चार नातेवाइकांसमोर पाट लागतो आणि कुठे नोंदणी नाही म्हणून पुढे दोघेही ते लग्न धरत नाहीत. परंतु हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी झाला तरी विवाह होतो, आणि केवळ नोंदणी केली नाही म्हणून तो अवैध ठरत नाही. म्हणून पाट लावलात तर तहसील कार्यालयात स्वतःहून लेखी कळवा. ते लपवून पैसे घेत राहिल्यास मागाहून वसुली निघू शकते. त्या गृहस्थांची पहिली पत्नी हयात असेल आणि त्यांचा घटस्फोट झालेला नसेल, तर पाट लावूनही तुम्हाला कायदेशीर पत्नीचा दर्जा मिळणार नाही आणि निराधारचे पैसे मात्र अडचणीत येतील. नातेवाइकांनी कितीही आग्रह धरला तरी ही चौकशी आधी करा.

राशन कार्डात त्यांचे नाव सध्या घेऊ नये. ते नाव घालणे म्हणजे ते आपल्याच कुटुंबातील आहेत असे तुम्ही स्वतः लिहून देणे होय, आणि मग त्यांची मजुरी, शेती, सारेच कुटुंबाच्या उत्पन्नात मोजले जाण्याचा प्रश्न उभा राहतो. ते कायमचे राहायला आले आणि दोघांचा संसार एका चुलीवर चालू लागला, तर मात्र परिस्थिती बदलेल; अनेक वर्षे पती-पत्नीसारखे एकत्र राहिलेल्यांचा विवाह झाला असावा, असे न्यायालये गृहीत धरू शकतात.

तक्रार झालीच तर तलाठी चौकशीला येतील. त्यांना खरे तेच सांगा, पण कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. पंचनामा मोठ्याने वाचून घ्या आणि "पतीसोबत राहते" असे लिहिले असेल तर ते दुरुस्त करून घेतल्याशिवाय सही करू नका. तहसीलदारांकडे लेखी खुलासा द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. न विचारता पैसे थांबले, तर कारणासह लेखी आदेश मागा. तो मिळत नसल्यास माहितीच्या अधिकारात १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करता येतो, आणि दारिद्र्यरेषेचा दाखला जोडल्यास तेही लागत नाही. वकिलाच्या खर्चाची चिंता करू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.