मराठी ब्लॉग सुरू करावा की फेसबुकवरच लिहावे?

नोकरी सांभाळून मराठीत लिहायचे आहे, तर ब्लॉग सुरू करावा की फेसबुकवरच लिहावे, असे आपण विचारले आहे. ब्लॉगच सुरू करावा, आणि तोही स्वतः पैसे भरून घेतलेल्या डोमेनवर, म्हणजे स्वतःच्या नावे नोंदवलेल्या संकेतस्थळाच्या पत्त्यावर. इतक्या ठामपणे सांगण्याला कारण आहे.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर नाशिकमधल्या पंचवटीच्या आणि गोदाकाठच्या आठवणी ते वह्यांत लिहीत. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी लागले यावरून लोक पूर कसा मोजत, असे सारे त्यांत होते. २००२ साली रविवार कारंजाजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात मी कामाला होतो. दुकान बंद झाल्यावर तासभर बसून ती ४१ टिपणे मी शिवाजी फॉन्टमध्ये टंकली आणि एका परदेशी कंपनीच्या फुकट जागेवर चढवली. त्या फॉन्टमध्ये मराठी दिसत असे, पण आत साठत ती रोमन अक्षरेच. वाचणाऱ्याकडे तो फॉन्ट नसला तर पानभर निरर्थक अक्षरे उमटत, आणि शोधयंत्राला ते मराठी आहे हेही कळत नसे.

पुढे विंडोज एक्सपीवर मूळ सीडी घालून भारतीय लिप्यांची सोय बसवली आणि ही टिपणे युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, आणायला घेतली. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकावी लागे. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. मला मिळालेले रूपांतराचे साधन हा क्रम बदलतच नसे, त्यामुळे ‘नाशिक’ प्रत्येक ठिकाणी ‘नािशक’ होऊन येई. वडील शेजारी बसून पडद्यावर बोट ठेवून वाचत, ‘वाऱ्यावर’च्या जागी ‘वार्यावर’ आले की लगेच थांबवत, आणि एकेक टिपण तपासायला दोन-दोन रविवार जात. अशी २६ टिपणे पूर्ण झाली.

थोरले बंधू तेव्हापासून म्हणत आले की छापील आणि हाताने लिहिलेले तेवढेच टिकते, संगणकावरची ही उठाठेव व्यर्थ आहे. मूळ वह्या त्यांच्याकडे, जुन्या घराच्या तळमजल्यावरच्या ट्रंकेत होत्या. सप्टेंबर २००८ च्या पुरात त्या भिजल्या आणि शाई पसरून पाने एकमेकांना चिकटली. पुढच्या वर्षी ती फुकट जागाही बंद झाली. सूचना आली होती, पण ज्या ई-मेल पत्त्यावर आली तो मी उघडणे सोडले होते. उरलेली १५ टिपणे दोन्हीकडून गेली, आणि त्यांतला दोष माझा आहे. २६ मात्र आजही आहेत, कारण ती युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या फायलींत, माझ्या घरी होती. बंधूंच्या नातवाला शाळेसाठी पुराची माहिती हवी होती, तेव्हा दुतोंड्याचे टिपण त्यांनी माझ्याकडूनच मागून नेले. कागद टिकतो हे त्यांचे म्हणणे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. ज्याच्या प्रती काढून ठेवल्या जातात ते टिकते, मग ते कागदावर असो वा डिस्कवर.

फेसबुकविषयी माझे मत स्पष्ट आहे. तिथे लिहिलेले सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही धड सापडत नाही. ब्लॉग एकत्र वाचण्याची सोय असलेले गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी आणि फेसबुकसारखेच ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, तेव्हा ती वापरणारी माणसे होतीच. त्यांना विचारून कोणी काही ठरवले नाही.

मात्र डोमेनचे पैसे मुदतीपूर्वी भरावे लागतात, आणि ते विसरल्यास पत्ता हातचा जातो. वाचकही फेसबुकपेक्षा कमीच मिळतील, तेव्हा दुवा तिथे जरूर द्यावा. कोणत्या विषयावर लिहावे, हे मला सांगता येणार नाही. पण प्रत्येक लेखाची साधी प्रत घरात एक आणि गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे एक, अशी पहिल्या लेखापासूनच ठेवावी.