किल्ली कुणाकडे असायची?

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुमच्या नाट्यसंस्थेचा इतिहास लिहायचं काम कार्यकारिणीने तुझ्यावर सोपवलं, हे वाचून फार बरं वाटलं. आराखडाही दोनदा वाचला. आजवरचे अध्यक्ष, गाजलेली नाटकं, बक्षिसं, उद्घाटनाचे पाहुणे. हे लागेलच, पण ते परिशिष्टात टाक. सुरुवात जागेपासून कर. तालमी कुठे व्हायच्या, ती जागा कुणाच्या शब्दावर मिळाली, किल्ली कुणाकडे असायची?

'आविष्कार' या प्रायोगिक नाट्यसंस्थेचंच बघ. १९६० साली मुंबईत 'रंगायन' ही संस्था सुरू झाली. तिथून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९७१ मध्ये 'आविष्कार' काढली. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे ही त्यातली मुख्य माणसं. उमेद भरपूर होती, पण मोठ्या नाट्यगृहाचं भाडं प्रायोगिक नाटकाला कसं झेपणार? सुलभाताई दादरच्या छबिलदास शाळेत शिकवायच्या. त्या शाळेचं सभागृह १९७४ पासून नाटकांना मिळू लागलं. दिवसा शाळा, संध्याकाळी प्रयोग. जागा नाटकासाठी बांधलेली नव्हती, प्रेक्षक नटांच्या अगदी पुढ्यात बसायचे. मला वाटतं, त्या जवळिकीने नाटक बसवायची रीतही बदलली. आणि हे विसरू नकोस, की 'आविष्कार'ने ती जागा स्वतःपुरती अडवून ठेवली नाही. इतर संस्थांचे प्रयोगही तिथे झाले. म्हणून तर त्या सगळ्या काळाला कुणा लेखकाचं किंवा दिग्दर्शकाचं नाही, एका शाळेचं नाव मिळालं. आपण आजही छबिलदास चळवळच म्हणतो.

पुढे ती जागा सुटली आणि संस्था माहीमच्या महापालिका शाळेत गेली. १९८७ मध्ये अरविंद देशपांडे गेले. एवढ्या धक्क्यानंतर कितीतरी संस्था फक्त लेटरहेडवर उरतात. ही उरली नाही, याचं मोठं श्रेय काकडेकाकांना. २०१९ मध्ये ते गेले, तोवर व्यवस्थेचं ओझं त्यांनी खांद्यावरून उतरवलं नाही. परीक्षणांत असल्या कामाला एक ओळही मिळत नाही. तुझ्या पुस्तकात त्याला प्रकरण मिळू दे.

आता कागदांचं. तुमची संस्था नोंदलेली आहे, म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तिचं दप्तर असणार. परिशिष्ट एकचा, म्हणजे तिथल्या विश्वस्तांच्या नोंदीचा, उतारा काढ. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. ते अर्ज ओळीने लावलेस, तर भांडणं कधी झाली हे कुणाला न विचारता कळेल. सभांची इतिवृत्तं वाच, पण त्यांच्यावर विसंबू नकोस. 'सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते संमत' असं लिहिलेलं दिसलं, की त्या दिवशी आवाज चढले होते असं समज. माझा भरवसा पावती पुस्तकांवर जास्त. दहा रुपये देणारा माणूस सलग वीस वर्षं दिसला, तर त्याला शोधून काढ.

एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून लिहितो. आमच्या संस्थेच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका मी संपादित केली होती. एक बाई पहिल्या वर्षापासून तिकीटविक्रीला बसायच्या. पत्र्याच्या डब्यात सुटे पैसे, रबरबँड लावलेली तिकिटं, हिशेब रुपयाने कधी चुकला नाही. समारंभाच्या दिवशी त्यांनी स्मरणिका हातात घेतली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सावकाश उलटली, पिशवीत ठेवली आणि नेहमीसारख्या दारापाशी जाऊन बसल्या. त्यांचं नाव कुठेच नव्हतं. वगळायचं असं माझ्या मनात नव्हतं, मला ते सुचलंच नव्हतं. दुसरी आवृत्ती काही निघाली नाही.

तुमच्याकडे दिवे सांभाळणारे जे आजोबा आहेत, त्यांच्याकडे आधी जा. अध्यक्ष तुला कधीही वेळ देतील. प्रश्नावली नेऊ नकोस, जुने फोटो ने आणि मागच्या रांगेत उभं कोण आहे ते विचार. नावं तिथल्या तिथे फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून घे, शाई पुढच्या बाजूला उमटते. आजोबांची सकाळची वेळ चांगली असते म्हणालीस ना? मग या रविवारीच जा, आणि रेकॉर्डिंग घरी आल्याबरोबर दोन ठिकाणी साठवून ठेव.

पहिलं प्रकरण कच्चं असलं तरी पाठव.