एका माणसाच्या दोन फाइली

या वेळची पत्रं वेगवेगळ्या आजारांची आहेत, पण दुखणं एकच: मनाचा डॉक्टर वजनकाट्याकडे बघत नाही आणि अंगाचा डॉक्टर मनाच्या गोळ्या विचारत नाही.

प्रश्न : मुलगा 24 वर्षांचा. स्किझोफ्रेनियासाठी ओलान्झापिन 15 मिलिग्रॅम चालू आहे. भास थांबले, झोप लागते. पण तीन महिन्यांत वजन 62 वरून 71 किलो झालं. रात्री उठून खातो. गोळी बंद करू का? – एक आई, सातारा

उत्तर : स्वतःहून बंद करू नका, भास परत आले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि त्याला हावरट म्हणू नका. पोट भरल्याचा निरोप मेंदूत जिथे पोचतो तिथेच ही गोळी आडवी येते. याच आजाराच्या क्लोझापिन या गोळीचंही तेच. रिस्पेरिडोन, क्वेटियापिन मधल्या पायरीवर. अ‍ॅरिपिप्राझोल, लुरासिडोन यांनी वजन त्यामानाने कमी वाढतं.

गोळी सुरू होण्याआधीच वजन, कंबरेचा घेर, बीपी, उपाशीपोटी साखर आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) कागदावर हवं. मग वजन 4, 8 आणि 12 आठवड्यांनी, पुढे दर तीन महिन्यांनी. बीपी आणि रक्त 12 आठवड्यांनी, नंतर निदान वर्षातून एकदा. चुकतं ते पहिल्याच पायरीवर. आधीचा आकडाच नसतो, त्यामुळे ‘थोडा भरलाय’ यावर सगळं निभावतं. पहिल्या महिन्यातच 5 टक्के, म्हणजे तुमच्या मुलाचं 3 किलो, वाढलं असतं तर तेव्हाच सावध व्हायचं होतं.

कंबर मोजताना पँटचा नंबर धरू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप, श्वास सोडल्यावर. आपल्याकडे पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80, याच्या पुढे धोका.

आता उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी दोन्ही करा. एचबीएवनसी ही मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी. साखर नुकतीच चढू लागली असेल तर तिच्यात पटकन दिसत नाही. उपाशीपोटी 100 ते 125 म्हणजे उंबरठा, 126 किंवा वर आली तर तपासणी पुन्हा करून मधुमेह ठरवतात. मग मानसोपचारतज्ज्ञांशी दोन गोष्टी बोला: गोळी बदलता येईल का (जुनी हळूहळू उतरवत, नवी चढवत), नाहीतर जोडीला मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी. ती बहुधा 500 मिलिग्रॅमपासून, जेवणासोबत. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) बघतात आणि वर्षाकाठी बी-12.

घरात फरसाण, बिस्किटं ठेवू नका. रात्रीसाठी काकडी, ताक, मोजके फुटाणे. या औषधांनी तोंड कोरडं पडतं आणि मुलं कोल्ड्रिंककडे वळतात. निम्मी साखर तिथूनच येते की काय, हे बघा.

प्रश्न : वडील 67 वर्षांचे, बायपोलरसाठी (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांचा आजार) 18 वर्षं लिथियमच्या गोळीवर. बीपी वाढलं म्हणून फॅमिली डॉक्टरांनी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइडची जोडगोळी दिली, मीठ तोडायला सांगितलं. आता हात थरथरतात, चालताना झोक जातो. आषाढात वारीला जायचं म्हणतात. – सोलापूर

उत्तर : याचं उत्तर अंकात छापून येईपर्यंत थांबणं बरं नव्हतं, म्हणून पत्राने आधीच कळवलं: लिथियमचा पुढचा डोस देऊ नका, आजच दवाखान्यात न्या. ही लिथियम चढल्याची खूण आहे. मूत्रपिंड लिथियमला मिठासारखंच वागवतं. शरीरात मीठ कमी पडलं की ते मीठ धरून ठेवतं, सोबत लिथियमही. त्या जोडगोळीतली दोन्ही औषधं लिथियम वाढवतात, वर मीठ तोडलेलं. अम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने सहसा तसं होत नाही. बदल दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांना फोन करून ठरवावा.

पुढे लिथियमची पातळी शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी. या वयात दर तीन महिन्यांनी, आणि 0.6 ते 0.8 च्या आसपास राहिलेली बरी. लॅबमध्ये एक विचारा: नळी लिथियम हेपॅरिनची तर नाही ना? त्या नळीतच लिथियम असल्याने आकडा खोटा फुगतो. क्रिएटिनिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), कॅल्शियम सहा महिन्यांनी.

पातळी स्थिरावली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं तरच वारी. पाण्यात हयगय नको, निर्जळी उपास नको. वाटेत पायदुखीवर कुणी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन दिली तर घेऊ नये, पॅरासिटामॉल चालेल. जुलाब-उलट्या लागल्या तर लिथियम थांबवून डॉक्टरांना फोन.

प्रश्न : क्लोझापिन घेणाऱ्या भावाने विडी सोडली. तेव्हापासून दिवसभर पेंगतो, लाळ गळते.

उत्तर : विडी सोडली हे उत्तम, डॉक्टरांना कळवलं नाही ही चूक. धुरामुळे यकृत क्लोझापिन लवकर संपवतं. धूर थांबला की आठवडाभरात तीच मात्रा जास्त ठरते. कारण धूर आहे, निकोटिन नव्हे. म्हणून तंबाखू मळणाऱ्याला हा हिशेब लागू नाही. मात्रा डॉक्टरच कमी करतील.

पांढऱ्या पेशींची तपासणी (पहिले 18 आठवडे दर आठवड्याला) बहुतेक जण करतात, पण शौचाला कोणी विचारत नाही. क्लोझापिनने आतडीच मंदावतात. त्यावर इसबगोल म्हणजे अडलेल्या वाटेत आणखी चोथा. आतड्याला चालना देणारं किंवा मल मऊ करणारं औषध लिहून घ्या. पोट फुगून दुखलं, उलटी झाली तर तातडीचं समजा.

प्रश्न : छातीत दुखतं म्हटलं की ‘तुमचं टेन्शन आहे’ म्हणून परत पाठवतात.

उत्तर : मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 21: मनोरुग्णाला शारीरिक आजाराच्या रुग्णाइतकीच सेवा मिळायला हवी, तातडीची आणि रुग्णवाहिकेचीही. भांडण्याऐवजी एक कागद जवळ ठेवा: औषधांची मूळ नावं, मात्रा, शेवटचं वजन, बीपी, साखर. त्याच्या दोन प्रती, दोन्ही फाइलींत पहिल्या पानावर. आणि ईसीजी काढल्याशिवाय टेबलावरून उठू नका.