दुष्काळात शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी शेतीला चालतं का?

चालतं, फक्त प्रक्रिया खरोखर झालेली हवी. कर्नाटकातलं कोलार बघा. बोअर हजार फुटांखाली गेलेल्या या जिल्ह्यातल्या तलावांत २०१८ पासून बेंगळुरूचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी सोडतात. योजना दिवसाला ४४ कोटी लिटरची. पाणी थेट पिकाला देत नाहीत. तलावातून ते जमिनीत मुरतं आणि शेतकरी विहिरी-बोअरमधून उपसतात. भूजल वर आलं, हे मोठंच काम झालं. पण योजना सुरू झाली ती प्रक्रियेच्या दुसऱ्या टप्प्यावरच, म्हणजे जिवाणूंकडून घाण कुजवून काढण्यापर्यंतच; पाणी आणखी गाळून जंतू मारण्याचा तिसरा टप्पा नव्हता. यावरून प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. माझ्या मते आक्षेप रास्त होता. दुष्काळी शेतकऱ्याने कमी दर्जाच्या पाण्यावर का भागवावं?

तुमच्याकडे असं पाणी येणार असेल तर आधी क्षार, सोडियम आणि ई-कोलाय (विष्ठेतून येणारे जिवाणू) तपासून घ्या. सोडियम जास्त असेल तर काळी जमीन चोपण होते, म्हणजे घट्ट होऊन तिच्यात पाणी मुरत नाही, आणि ती सुधारायला वर्षं जातात. कोथिंबीर, मुळा, काकडी अशा कच्च्या खायच्या पिकांना हे पाणी देऊ नका. कापूस, मका, फळबाग यांना ठिबकने द्या, फिल्टर मात्र वरचेवर धुवा. या पाण्यात नत्र असतं, त्यामुळे युरिया देताना हात आखडता घ्या.